उस्ताद थांब म्हणाले तेव्हा

नर्सबाईंची गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि त्या दिवशी एकही काम घ्यायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं होतं ह्यांनी. संध्याकाळी पाच वाजता शेजारचा टायरवाला शेवटचा शब्द घ्यायला येणार होता. ह्यांनी हो म्हटलं की मधली भिंत पाडून त्याचं दुकान इकडे वाढणार. सव्वीस वर्षांचं गॅरेज एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

सगळे ह्यांना उस्ताद म्हणतात. मी अहो म्हणते, आणि राग आला की मीही उस्तादच म्हणते. सात महिन्यांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले. ते एक वेळ निभावलं असतं, पण जीभ फिरली. शब्द स्पष्ट यायचे, फक्त जो हवा त्याच्या नेमका उलटा. दिवा लाव म्हणायचं तर विझव म्हणायचे, गार पाणी हवं तर गरम मागायचे, आणि हो-नाहीची तर कायमची अदलाबदल. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. उपाय सांगितला तो वॉर्डातल्या नर्सबाईंनी.

"ताई, ते जे म्हणतील त्याच्या उलटं समजा," त्या म्हणाल्या. "पण त्याची सवय लावून घेऊ नका. एखाद दिवस सुलटं बोलतील, आणि तुमच्याच ध्यानात यायचं नाही."

मी म्हटलं, सवय कसली लावायची, लग्न झाल्यापासून मी तेच करत आले आहे. त्यावर हे खाटेवर पडल्या पडल्या हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू.

नियम चांगला होता. दहातल्या नऊ वेळा लागू पडायचा. शेजारीपाजारी, टायरवाला, दूधवाला, सगळ्यांना तो पाठ झाला. पण दोन महिन्यांनी हे पुन्हा गॅरेजमध्ये येऊन बसायला लागले आणि एक बाई ब्रेक दाखवायला आली. मागच्या सीटवर दोन मुलं. मी आत हात धूत होते. ह्यांनी डाव्या हाताने चाचपून पाहिलं आणि सांगितलं, चांगले आहेत. बाई आभार मानून निघाली. तिला बिचारीला आमचा नियम कुठून माहीत असणार. आपल्या तोंडून काय गेलं ते ह्यांना गाडी हलल्यावर कळलं, आणि हाक मारायला शब्द सापडेना. नुसती काठी टेबलावर बडवत होते. मी ओल्या हातांनी रस्त्यावर धावले आणि सिग्नलपाशी गाडी गाठली.

काही झालं नाही. पण ह्यांनी त्या दिवसापासून कानाला खडा लावला. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही. आणि ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याने गॅरेज चालवू नये, हेही मनाशी पक्कं केलं. टायरवाल्याला निरोप गेला तो त्यातूनच.

मला ती जागा सोडायची नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तिथे पाने पुसायला म्हणून गेले. मग प्लग साफ करायला लागले, मग ब्रेक, मग गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत मजल गेली. अवघड काम आलं की मी हत्यारं पुढे करायची आणि ह्यांनी हात घालायचा, अशी आमची वाटणी होती. कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही, ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, हाताला कळतं. आता तो हात मांडीवर निजून होता, आणि माझ्या हाताला काही कळत नव्हतं. तरी मला वाटायचं की हे समोर स्टुलावर बसले आहेत तोवर गॅरेज चालू आहे. हे घरी खिडकीत जाऊन बसले की संपलं. मग ना गॅरेज राहणार, ना उस्ताद.

तर नर्सबाई. आता त्या वॉर्ड सोडून घरोघरी जातात, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करतात. गाडीशिवाय त्यांचं पान हलत नाही. वळताना पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज येत होता, म्हणजे त्या बाजूचा ॲक्सल गेला होता. नवा त्यांनी आणूनच ठेवला होता. त्यांनी मला नाही विचारलं, सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उद्या सकाळपर्यंत होईल का उस्ताद, म्हणाल्या.

हे म्हणाले, "नाही."

मी त्यांच्या हातातून चावी घेतली आणि म्हटलं, हो म्हणतायत. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर चावी खाली पडली असती. खरं सांगायचं तर त्या नाहीचा अर्थ मला नीट कळला नव्हता. पण नियम तो नियम, आणि त्या दिवशी तो माझ्या सोयीचा होता. नर्सबाई बस पकडायला गेल्या.

ॲक्सल म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. त्याच्या टोकाला उभे दाते असतात. चाक ज्याच्यावर बसतं त्या हबच्या भोकातही आतून तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत बसवायचे आणि बाहेरून मोठा नट आवळायचा. उलट काढताना नट सोडवला की दांडा तळहाताने ढकलला तरी आत सरकायला हवा. हवा, असं म्हणायचं. ही गाडी वर्षानुवर्षं समुद्राच्या वाऱ्यावर उघडी उभी होती, आणि मागे कधीतरी ॲक्सल बसवणारा दात्यांना ग्रीस लावायलाच विसरला होता. चार पैशांचं ग्रीस. गंजाने दोन्ही लोखंडं एक करून टाकली होती.

नट निघाला. पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर चक्क उभी राहिले. माझ्या वजनाबद्दल आमच्या घरात बरंच बोललं जातं, त्या दिवशी ते कामी आलं. मग गाडी उचलून स्टँडवर घेतली, चाक काढलं आणि दांडा ढकलून पाहिला. छे. भिंत ढकलल्यासारखं वाटलं. गंज सोडवायचं तेल ओतलं, घरी जाऊन जेवण उरकून आले, पुन्हा ओतलं. नंतर हातोडा उचलला. एक घाव दोन तुकडे करायचा माझा स्वभाव, लपवून काय उपयोग.

"काढ," हे स्टुलावरून म्हणाले. काठीने खाली ठेवलेला नट दाखवत होते. "काढ, काढ."

नट तर मी केव्हाच काढला होता. म्हणजे लाव. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उघड्या टोकावर हातोडा बसला की टोक चेपतं, आटे बसतात, आणि मग तो दांडा त्या भोकातून कधीच जात नाही. नट टोकाच्या बरोबरीने लावून ठेवला की आटे वाचतात. मी नट लावला, ह्यांनी मान हलवली. हातोडा आणि नट यांच्या मध्ये पितळेची कांब धरून वीस घाव घातले. भरीव आवाज येत राहिला, हलायचं नाव नाही.

"गार कर," हे म्हणाले.

मी गॅसची टॉर्च पेटवली. हब चहूबाजूंनी तापवला, आतल्या बेअरिंगला जपून, थोडा थोडा. पुन्हा मान हलली. इथपर्यंत नियम घड्याळासारखा चालला होता, आणि मी खुशीत होते. मनात म्हटलं, पाचला टायरवाला येईल तेव्हा हे काम झालेलं असेल, हे त्या दांड्याकडे पाहतील आणि आपसूक त्यांच्या तोंडून नाही... म्हणजे हो... म्हणजे जे काय असेल ते निघेल. माझं मलाच हसू आलं.

तीन वाजता पुलर काढला. चाकाच्या चार बोल्टांवर बसणारी जाड तबकडी आणि तिच्या मधोमध बोटभर जाडीचा स्क्रू. स्क्रू फिरवत गेलं की तो दांड्याच्या टोकाला आत रेटतो. मी तबकडी बसवली, स्क्रू टेकवला, पान्याला पुन्हा पाइप लावला आणि ताणायला लागले. पाव फेरा. आणखी पाव. लोखंड करकरायला लागलं.

"थांब," हे म्हणाले.

थांब, म्हणजे चालू दे. मी आणखी पाव फेरा दिला.

"थांब."

एवढं उतावीळ होऊन सांगतायत म्हणजे आता निघतच असणार, असं मला वाटलं. मी दोन्ही हातांनी पाइपावर लोंबकळले. मागे काठी पडल्याचा आवाज आला. ह्यांनी तिसऱ्यांदा थांब म्हटलं ते ओरडून, आणि मी तिसऱ्यांदा जोर लावला.

बंदुकीसारखा बार झाला. एक बोल्ट मुळातून तुटला, माझ्या कानाजवळून सणसणत गेला आणि शटरवर आदळला. तबकडी तिरकी झाली, पाइप सुटला, मी खाली बसले. बसले म्हणजे आपटलेच.

डोळे उघडले तर हे माझ्यावर वाकलेले. स्टूल सहा पावलं मागे, काठी त्याच्याही मागे. सहा पावलं हे काठीशिवाय आले होते. डाव्या हाताने माझा कान, गाल, मान चाचपत होते, पूर्वी ब्रेक चाचपायचे तसे. चेहरा पांढराफटक.

माझी भीती रागातून निघते. मी म्हटलं, उस्ताद, थांबायचं होतं तर चालू दे म्हणायचं होतं, सात महिने झाले आपल्याला, मला काय स्वप्न पडतं का.

हे जमिनीवर माझ्याशेजारी बसले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग एकेक शब्द ठेवत म्हणाले, "थांब म्हटलं. थांबच म्हणायचं होतं."

ते माझ्या डोक्यात शिरायला तेवढाच वेळ लागला. तीनदा हे बरोबर शब्द बोलले होते. जो मनात तोच तोंडात, एकदा नाही, तीनदा. आणि तो ऐकायला जगात एकटी मी होते, ती पाइपावर लोंबकळत होते. नर्सबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, सवय लावून घेऊ नका. पालथ्या घड्यावर पाणी. मला रडू आलं आणि मी रडले, तिथेच तेलात बसून. ह्यांनी रडू दिलं.

मग हे म्हणाले, "परत."

तिथून पुढे मी नियम खिशात घातला. प्रत्येक शब्दाला ह्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, नक्की? हे आधी मनात घोळवायचे, मग मान हलवायचे, मग मी हात चालवायचे. तुटलेल्या बोल्टाची जागा सोडून उरलेल्या तिघांवर तबकडी बसवली. स्क्रू टेकवला. पाव फेरा. आणखी पाव. ह्यांनी डावा तळहात हबवर ठेवला होता, डोळे मिटले होते.

"थांब."

आधी मी ताणलं होतं त्याच्या निम्माही जोर आलेला नव्हता. माझे हात शिवशिवत होते. थांबला तो संपला, असं आपल्याकडे शाळेपासून शिकवतात. पण मी थांबले. पाना काढून ठेवला.

"आता काय?" मी विचारलं.

"चहा," हे म्हणाले. त्याचा उलटा शब्द काय ते मला कधीच कळलेलं नाही, म्हणून मी चहा केला.

आम्ही दोघं स्टुलांवर बसलो. सव्वाचार झाले होते. पुलर ताणलेला, दांडा जिथल्या तिथे, आणि आम्ही बघत बसलेलो. आणि तेव्हा मला कळलं. पूर्वी असं जाम काम आलं की मी बाराला स्वयंपाकाला घरी जायचे, आणि हे ठीक एकला जेवायला यायचे. आम्ही दोघं परत जाऊन पाहावं तर दांडा निघालेला. मला वाटायचं, मी गेल्यावर ह्यांनी काहीतरी जोराची युक्ती केली असणार. युक्ती ही होती. बेताचा ताण द्यायचा आणि निघून जायचं, बाकीचं काम लोखंडावर सोपवायचं. आणि मी सव्वीस वर्षं समजत होते की ह्यांना वेळेवर भूक लागते.

मी म्हटलं, "मला ही जागा सोडायची नाहीये. तुम्हाला राग आला तरी चालेल, पण एकदा सांगून ठेवते."

हे कपात बघत राहिले. "ती मुलं," म्हणाले.

"ती मुलं घरी पोचली. मी पाहिलीत त्यांना, खिडकीतून मला जीभ दाखवत होती."

"तू... धावलीस."

"पुन्हा धावेन. नाहीतर यापुढे तुम्ही पाटीवर लिहाल, मी वाचून दाखवेन, गिऱ्हाईक थांबेल तेवढं. पण तोंड बंद करून घरी बसायचं नाही. आज तुम्ही तीनदा बरोबर बोललात, आणि मीच मेली बहिरी."

चहा निवला. मी चारदा उठून दांड्यावर मारायला निघाले आणि चारदा परत बसले. ह्यांच्यासाठी ते बसणं काम होतं, माझ्यासाठी शिक्षा.

पाचला दहा मिनिटं होती. आमच्यापैकी कुणी हातही लावला नव्हता, आणि हबमधून टण्ण असा एकच स्वच्छ आवाज आला. मी जाऊन पाहिलं. दांडा दोन सूत आत सरकला होता आणि दात्यांतून तांबडी भुकटी सांडत होती. तबकडी काढली, नट काढला, तळहाताने ढकललं. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मी वळून पाहिलं तर हे तोंडाच्या एका बाजूने हसत होते, आणि दुसरी बाजूही जरा हलल्यासारखी वाटली.

त्याच वेळी टायरवाला आला. माणूस वाईट नाही. झटक्याच्या दिवशी त्यानेच ह्यांना उचलून गाडीत घातलं होतं. तो अवघडून उभा राहिला, तब्येत विचारली, निघालेल्या दांड्याकडे बघून वा म्हणाला. मग विषयावर आला.

"मग उस्ताद, ठरल्याप्रमाणे करू ना? हो ना?"

हे म्हणाले, "नाही."

टायरवाल्याला आमचा नियम पाठ होता. त्याचा चेहरा खुलला. भिंतीवरच्या खिळ्याला शटरची चावी होती, तिकडे त्याची नजर गेली. तरी खात्री म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, सगळे बघतात तसंच. "हो म्हणतायत ना, वहिनी?"

सकाळी नाहीचं हो केलं ते माझ्या सोयीने. आता नाहीचं नाही केलं तर तेही माझ्याच सोयीने. सात महिने मी ह्यांच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ परस्पर लावत आले होते, आणि आज तेच करताना बोल्ट कानाजवळून गेला होता. हे खरंच नाही म्हणाले होते की हो म्हणायचं होतं, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला नका विचारू. त्यांनाच विचारा. आणि जरा थांबा, त्यांना वेळ लागतो."

आम्ही थांबलो. हे स्टुलावरून उठले. काठी भिंतीला टेकलेली होती, तिच्याकडे पाहिलं आणि राहू दिली. पाय ओढत खिळ्यापर्यंत गेले, डाव्या हाताने चावी काढली. टायरवाल्याने हात पुढे केला. ह्यांनी तो हात चावी धरलेल्या मुठीने हलकेच खाली केला, चावी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिसा दाबला.

"नाही," ते म्हणाले. ओठ हलवून मनाशी एकदा म्हणून पाहिलं, मग पुन्हा. "नाही म्हणजे... नाही."

टायरवाला चांगला माणूस आहे, हे मी आधीच सांगितलंय. तो ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तुटलेला बोल्ट त्याच्याकडे मिळेल, आत्ता आणून देतो. आणि गेला.

नवा ॲक्सल मी पुसून घेतला. हे शेजारी उभे होते. दात्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "ग्रीस लावू नको."

माझा हात ग्रीसच्या डब्यात होता तो तसाच थांबला. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"लाव," म्हणाले. "भरपूर लाव."

मी भरपूर लावलं.